गोळीखालचा रवा

भूल चढत असताना माणसं शेवटचं काय बोलतात, याचा माझ्या बाबांकडे मोठा साठा असणार, पण त्यातला एक शब्दही ते कधी घरी आणत नसत. साउथहॅम्प्टनला एका हॉस्पिटलात ते भूलतज्ज्ञ होते, आणि पेशंटचं बोलणं पेशंटजवळ, असा त्यांचा नियम होता. डेरेकचं वाक्य मात्र आमच्या घरी पोचलं, कारण डेरेकनेच ते पुढे भेटेल त्याला सांगितलं. थोराड अंगाचा, लालबुंद चेहऱ्याचा हा निवृत्त प्लंबर खुब्याच्या ऑपरेशनसाठी टेबलावर होता आणि घाबरून थरथरत होता. बाबांनी नेहमीसारखं त्याला विचारलं, तुमच्या आवडीचं काहीतरी सांगा. तर तो आपल्या जुन्या, व्हिक्टोरियाच्या काळातल्या रिव्हॉल्व्हरबद्दल बोलायला लागला. दारू कशी भरायची, शिशाची गोळी कशी बसवायची. पापण्या जड झाल्या तसा तो म्हणाला, "पण खरी गंमत कशात आहे, डॉक, सांगू? सेमोलिना." आणि गेला. म्हणजे झोपला.

तो एक शब्द, म्हणजे आपला रवा, मात्र त्या दिवशी बाबांबरोबर घरी आला, कोणाचंही नाव न घेता. रात्रीच्या जेवणाला नेमका उपमा होता. माझे बाबा ताटात बघायचे, मग छताकडे, मग परत ताटात. आईने विचारलं, "मीठ जास्त झालंय का?" ते म्हणाले, "नाही गं. रिव्हॉल्व्हरमध्ये रवा कशाला लागत असेल?" आईने उत्तर दिलं नाही. ती पुण्याची. ज्या प्रश्नाला अर्थ नाही त्याला उत्तर द्यायचं नाही, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा वॉर्डात गेले ते डेरेकचा खुबा बघायला नव्हे, रवा विचारायला. डेरेकने उशीला टेकून समजावून सांगितलं. या जुन्या रिव्हॉल्व्हरांत काडतूस नसतं. चक्रात खण असतात, त्या प्रत्येक खणात समोरून काळी दारू ओतायची, वर शिशाची गोल गोळी दाबून बसवायची आणि मागे टिकली लावायची, पोरांच्या खेळण्यातल्या पिस्तुलासारखी. पण हत्यार दीडशे वर्षांचं. त्याचं लोखंड थकलेलं. त्यात पूर्ण भरून दारू घातली तर ते एक दिवस हातात फुटेल. म्हणून दारू अगदी चिमूटभर, सौम्य. मग खण अर्धा रिकामा राहतो, आणि गोळीखाली पोकळी राहिलेली चालत नाही. ती पोकळी भरायची रव्याने. रवा जळत नाही, चिकटत नाही, भांडत नाही, आणि दुकानात मिळतो. बाबांचे डोळे चमकले म्हणे. "म्हणजे म्हाताऱ्या पेशंटसारखंच," ते म्हणाले. "डोस कमीत कमी, आणि बाकीची जागा धीराने भरून काढायची." डेरेक पुढे नेहमी म्हणायचा की मी आयुष्यात एकाच माणसाला पहिल्या भेटीत ओळखलं, आणि तेव्हा मी गाऊनमध्ये होतो, मागून उघड्या.

बाबांना तोवर कसलाही छंद नव्हता हे इथे सांगायला हवं. बेसिंगस्टोकमधल्या आमच्या घरी, एका गोल चौकातून दुसऱ्या गोल चौकात जाणाऱ्या रस्त्यालगतच्या त्या विटकरी वसाहतीत, इतर काका लोक क्रिकेट बघायचे, गणपतीत नाटक बसवायचे, बार्बेक्यूवर पनीर जाळायचे. बाबा घरी येऊन पायमोजे काढायचे आणि त्यांची व्यवस्थित घडी घालायचे. एवढंच. त्यामुळे वयाच्या पन्नाशीत ते डेरेकच्या नेमबाजीच्या क्लबात जाऊ लागले, एका शेतातल्या बंद पडलेल्या खडूच्या खाणीत शनिवारी म्हातारी माणसं धूर करत उभी असत त्या क्लबात, तेव्हा आईला आधी ते गमतीचं वाटलं. उमेदवारीचे महिने संपवून त्यांनी परवान्याचा अर्ज केला, तेव्हा गंमत संपली.

परवाना देण्याआधी पोलिसांचा माणूस घरी येतो. हत्याराची तिजोरी भिंतीला नीट ठोकलीय का बघतो आणि घरच्यांशी बोलतो. आईने ठरवलं होतं की ही सोन्यासारखी संधी आहे. ती कानाकोपऱ्यातून शोधून बाबांविरुद्धचा माल गोळा करून बसली होती. मी जिन्यात बसून ऐकत होते. अधिकाऱ्याने विचारलं, तुमचे मिस्टर कधी संतापतात का? "तीच तर तक्रार आहे!" आई म्हणाली. "कधीच नाही! मागच्या काचेच्या कंझर्व्हेटरीचं छप्पर गळतंय. बिल्डरला बोलवा म्हटलं, फैलावर घ्या म्हटलं. यांनी त्याला चहा दिला. वर थँक्यू म्हणाले. माझी गाडी एकाने मागून ठोकली, तर यांनी उतरून त्यालाच विचारलं, तुम्हाला लागलं नाही ना?" आई थांबेना. वीस वर्षांचा राग न येण्याचा इतिहास तिने त्या माणसापुढे मांडला. तो लिहीत राहिला. जाताना म्हणाला, मॅडम, माझ्या नोकरीत इतकी चांगली शिफारस मी ऐकली नाही.

परवाना आला. दारूसाठी वेगळा कागद, तोही आला. डेरेकने आपल्या दोन रिव्हॉल्व्हरांपैकी एक रीतसर बाबांच्या नावावर केलं. मग आईने स्वतःचा कायदा लागू केला. ती फार्मसिस्ट होती. आमच्या स्वयंपाकघरातल्या हळदीच्या डब्यावरसुद्धा तारीख लिहिलेली असे. शिसं घरात येणार नाही. ते वितळवायचं तर डेरेकच्या अंगणात, आणि नंतर बाबांनी मागच्या दाराने येऊन, कपडे पिशवीत टाकून, कशालाही हात न लावता थेट आंघोळीला जायचं. दर दुसऱ्या रविवारी माझे वडील स्मशानातून आल्यासारखे नुसत्या टॉवेलवर किचनमधून पळत जात आणि शेजारच्या बाईंना खिडकीतून ते दिसत. मी सतरा वर्षांची होते. शाळेत मी सांगितलं होतं की बाबांना मासेमारीचा नाद आहे.

आता माझ्या मराठीबद्दल सांगते. तेव्हा ती आजच्यासारखी नव्हती. मला पुल्लिंग-स्त्रीलिंग-नपुंसकलिंगाचा ताळमेळ कधी लागला नाही, आणि लांब शब्दप्रयोग मी सोयीने अर्धे करायचे. बाबा घरात कटाक्षाने मराठी बोलत आणि ते त्या काळ्या भुकटीला म्हणत "बंदुकीची दारू". मी त्यातली बंदूक गाळली. दर रविवारी नागपूरहून कुमुदआत्याचा फोन यायचा. ती बाबांची मोठी बहीण. तिचे यजमान, आमचे काका, दोन वर्षांपूर्वी गेले होते, मूलबाळ नव्हतं, आणि धरमपेठेतल्या फ्लॅटमध्ये ती एकटी राहायची. एकदा फोन मी घेतला.

"काय करून राहिला अरू?" तिने विचारलं.

"बाबा गॅरेजमध्ये आहे. दारू भरतोय."

पलीकडे तिने टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं. मग, "रोज?"

"नाही, फक्त शनिवारसाठी. मित्रांबरोबर. पण थोडीच घेतो. तो म्हणतो म्हाताऱ्याला जास्त झेपत नाही. आणि मग रवा घालतो."

"दारूत रवा?"

"हो. मग पॅक होतं चांगलं."

"आणि शुभाला चालतं हे?"

"आईने घरात बंदी केली. म्हणून तो बाहेरून आला की आधी आंघोळ करतो."

कुमुदआत्याने त्या आठवड्यात व्हिसाचा अर्ज केला. आयुष्यात तिने कधी विमान आतून पाहिलं नव्हतं. आम्हाला वाटलं, एकटेपणाला कंटाळून येतेय. ती आली ती मार्चच्या गारठ्यात, साडीवर काकांचा कोट घालून, आणि हीथ्रोवर भावाला मिठी मारताना तिने त्याच्या तोंडाचा वास घेतला. बाबांना वाटलं, ती रडतेय. गाडीत तिने दोनदा विचारलं, "तू चालवशील ना नीट?" घरी पोचल्यावर चहासुद्धा न घेता तिने गॅरेज कुठे आहे ते विचारलं. बाबा हरखले. इतक्या दिवसांत त्यांच्या छंदाची चौकशी करणारं पहिलं माणूस भेटलं होतं. त्यांनी तिला गॅरेजमध्ये नेलं, दारू ठेवायची कप्प्यांची लाकडी पेटी दाखवली, शिशाच्या गोळ्यांचा डबा दाखवला, पितळी माप दाखवलं. आत्या कपाटांमागे वाकून बघत होती.

"बाटल्या कुठायत?" ती शेवटी म्हणाली.

"कसल्या बाटल्या?"

"अरू, मी तुझी मोठी बहीण आहे. माझ्यापासून काय लपवतो? पोरीने सांगितलं मला सगळं."

सगळं उलगडायला वेळ लागला. उलगडल्यावर आई किचनच्या ओट्याला धरून हसली, इतकी की तिला खाली बसावं लागलं. आत्या हसली नाही. ती एका कामगिरीवर आली होती आणि कामगिरीच नव्हती. सहा महिन्यांचा व्हिसा होता आणि वाचवायला कोणी नव्हतं.

पुढचे काही आठवडे आमच्या घरात दोन बायका एकमेकींना धक्का न लावता वावरायचा प्रयत्न करत होत्या. आत्याला सकाळी लवकर उठायची सवय. तिची फुलपात्राची टिणटिण, रेडिओवर इंग्लिश बातम्या लावून वर तिचं गुणगुणणं, आणि मग फोडणीची चरचर, ज्यावर छतातला धुराचा अलार्म बोंबलायचा आणि आई नाइटगाऊनवर धावत यायची. आत्या टी टॉवेलने अलार्मला वारा घालत म्हणायची, "याला काय झालं बाप्पा, थोडासा तर ठसका आहे." जेवणात पाटोडी आली, वडाभात आला, आणि एकदा आत्याने आईला "सांबार आण बरं" म्हटलं, तेव्हा आईने सुपरमार्केटातून सांबार मसाल्याचं पाकीट आणलं. नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे आईला वीस वर्षांच्या संसारात कोणी सांगितलं नव्हतं. दोघींना वाटलं, दुसरीने मुद्दाम केलं. आई ताई-ताई करत अतिशय सभ्यपणे आत्याच्या हातातून काम काढून घ्यायची. "राहू द्या ताई, डिशवॉशर आहे." "राहू द्या ताई, मशीन आहे." आत्या खिडकीशी बसून समोरचा गोल चौक बघायची. गाड्या आत शिरतात, फिरतात, निघून जातात. एकदा ती मला म्हणाली, "इथं सगळ्यांनाच कुठं तरी जायचं आहे. मीच तेवढी बसून राहिली." आणखी एकदा म्हणाली, ही माझी पहिली आणि शेवटची खेप. मी टीव्हीचा आवाज वाढवला. सतराव्या वर्षी माणूस तेवढंच करू शकतो.

मग एका रविवारी बाबा डायनिंग टेबलावर बसून छोट्या कुप्यांत एकेका बाराचा रवा मोजून भरत होते. दारू गॅरेजमध्येच, पण रव्याला आईची हरकत नव्हती, रवा तिचाच होता. आत्या बघत होती. गोळी बसवल्यावर वर चरबीचा थर लावावा लागतो, म्हणजे एका खणातली ठिणगी दुसऱ्यात जात नाही आणि रिव्हॉल्व्हरच्या नळीत काजळी धरत नाही, हे बाबा तिला सांगत होते. म्हणजे खाली रवा, वर ग्रीस, आणि हात बरबटलेले. आत्या म्हणाली, "दोन कामं कशाला करून राहिला? रव्यालाच तूप लाव ना. भाजून, तुपावर, घट्ट वळून देते. ही एवढीशी गोळी. टाकली की झालं."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. डेरेकच्या क्लबात काही लोक मेणचट लोकरीच्या चकत्या वापरत, रव्याऐवजी. ही तीच कल्पना होती, फक्त खमंग.

त्या दुपारी आमच्या घरात रवा भाजल्याचा वास भरला आणि मोठ्या मापाच्या मण्यांसारखे बारके लाडू ताटात ओळीने बसले. आईने ताट बघितलं, आत्याकडे बघितलं, आणि वर निघून गेली. आत्याने ते फ्रिजमध्ये घट्ट केले. पुढच्या शनिवारी ती स्वतः क्लबात गेली, कोट, साडी आणि कानांवर डेरेकने दिलेले, आवाज अडवणारे मोठे लाल रक्षक. एप्रिलची थंडी होती, तूप दगडासारखं होतं. बाबांनी दारूची चिमूट टाकली, लाडू टाकला, गोळी दाबली. आवाज नेहमीचाच, मऊ, उशी आपटल्यासारखा. पांढरा धूर उठला आणि खाणभर शिऱ्याचा वास सुटला. गोळ्या निशाणाच्या कागदावर एकमेकींना चिकटून लागल्या होत्या. डेरेकने दुर्बीण खाली केली आणि आत्यापुढे टोपी काढली. "वन मोअर टाइम, मॅडम," तो म्हणाला. आत्याला मॅडम कळलं. घरी येताना ती पुढच्या सीटवर ताठ बसली होती.

त्यानंतर आत्या खिडकीशी बसेनाशी झाली. तिला वेळच नव्हता. क्लबातले पाच-सहा म्हातारे लाडू मागू लागले. एकाने चुकून त्यातला एक चहाबरोबर खाल्ला आणि म्हणाला, छान आहे, पण साखर राहिलीय. हे वाक्य आत्याच्या मनात घर करून राहिलं. आम्हाला ते तेव्हा कळायला हवं होतं.

ऑगस्टमध्ये क्लबाची वर्षातली मोठी स्पर्धा असायची. घरच्या मंडळींना आमंत्रण असे, स्कोन्स, जॅम, सँडविच, बुरसटलेला तंबू. बाबा जिंकतील असं सगळे म्हणत होते. आई येणार नव्हती, पण बाबांची गाडी दुरुस्तीला होती आणि आईची गाडी आई कोणाला देत नसे. म्हणून ती ड्रायव्हर म्हणून आली आणि तंबूच्या कडेला खुर्ची टाकून तोंडावर मासिक धरून बसली. मी तिच्या शेजारी, कोणी ओळखीचं दिसू नये अशी प्रार्थना करत. दिवस उकाड्याचा होता. जॅमवर गांधीलमाश्या घोंघावत होत्या.

बाबांची आणि गांधीलमाशीची जुनी गोष्ट आहे. माझे वडील, ज्यांना कसलाही राग येत नसे, त्यांना भीती मात्र एका गोष्टीची वाटे. गांधीलमाशी दिसली की ते बोलणं अर्धवट टाकून खोलीबाहेर पळत. एकदा तर स्वतः चालवत असलेल्या गाडीतून, सुदैवाने ती सिग्नलला थांबली होती. त्यामुळे मी तंबूकडे बघून मनात म्हटलं, बाबा तिकडे गोळीबाराच्या रेंजवर आहेत तेच बरं.

त्यांची पाळी आली. खण भरून झाले. डेरेक रेंजचा अधिकारी होता, सगळं त्याच्या हुकमावर. पहिला बार झाला आणि खाणीवर एक वास पसरला, पण हा शिऱ्याचा नव्हता. करपलेल्या साखरेचा होता. आईने मासिक खाली केलं.

"ताई," ती म्हणाली, "काय घातलंत तुम्ही?"

"काही नाही गं. स्पर्धा आहे म्हणून पाकातले केले. एकतारी पाक. तुपावरचे भुरभुरतात, हे बघ कसे छान बांधले गेले."

आईने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात बाबांनी दुसऱ्यांदा चाप ओढला. टिकली फुटली, चट् असा आवाज आला, आणि पुढे काहीच झालं नाही.

मला तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतं. पाकाचा ओलावा दारूत उतरला होता. आणि अशी दारू कधी विझलेलीच असते, तर कधी आत धुमसत असते आणि उशिराने भडकते. म्हणून अशा वेळी हत्यार समोरच्या उतारावर रोखून, न हलता, न वळता, ठरलेला वेळ तसंच उभं राहायचं असतं. डेरेकचा आवाज आला, "मिसफायर! कोणीही हलू नका. डॉक, धरून ठेव." तंबूतला चमचासुद्धा वाजेना. बाबा हात लांब करून उभे होते. आणि त्या हातावर, साखरेच्या वासाने आलेली, एक गांधीलमाशी बसली.

मी उभी राहिले. आत्या उभी राहिली आणि पदर सोडवत सरळ रेंजकडे निघाली, भावाच्या हातावरची माशी उडवायला. ती दोन पावलं गेली असेल, आईने तिचं मनगट पकडलं. आई कोणाला सहसा हात लावत नसे. तिने ते मनगट इतकं घट्ट धरलं की आत्याच्या बांगड्या आत रुतल्या. "हलायचं नाही, ताई," ती म्हणाली. दोघी तशाच उभ्या राहिल्या.

माशी अंगठ्यावरून चालत मनगटाकडे आली. बाबा तिच्याकडे बघत होते. मग ते बोलले, आणि तो आवाज मी घरी कधी ऐकला नव्हता. खालचा, सपाट, घाई नसलेला. "डेरेक, माझ्या हातावर एक गांधीलमाशी आहे. काळजी करू नकोस. मी ठीक आहे. तू वेळ मोज." त्यांच्या गालाचा स्नायू एकदा ओढला गेला, म्हणजे तिने दंश केला होता. हात हलला नाही. "आता चावली," ते त्याच आवाजात म्हणाले. "काही बिघडलेलं नाही. तू मोज."

डेरेक मोजत राहिला. त्याचाच आवाज कापत होता. मला एकदम समजलं की हा माणूस, माझा बाप, रोज सकाळी हेच करतो. कोणीतरी टेबलावर थरथरत असतं, काहीतरी बिघडू शकतं, आणि हा त्याच्या उशाशी उभा राहून ह्याच आवाजात सांगतो की मी इथे आहे. सतरा वर्षं मी त्यांना मोज्यांची घडी घालताना पाहिलं होतं. कामावर मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी आज ड्रायव्हिंग शिकवते, ह्याच गावात, आणि आमच्या गावाचे गोल चौक साऱ्या देशाला ठाऊक आहेत. शिकणारा पोरगा उलट्या दिशेने चौकात शिरतो, समोरून लॉरी येते, आणि माझ्या तोंडून एक आवाज निघतो, खालचा, सपाट. तो माझा नाही. तो कुठून आला ते मला माहीत आहे.

वेळ संपली. बाबांनी हत्यार हलक्या हाताने टेबलावर ठेवलं, तोंड उताराकडे. डेरेकने तपासलं, मान हलवली. बाबा म्हणाले, "थँक्यू, डेरेक." ते गोळीबाराच्या रेषेच्या मागे आले, कानांवरचे रक्षक काढले, नीट टेबलावर ठेवले. आणि मग माझे वडील हात झाडत, किंचाळत, तंबूला वळसा घालून शेताच्या टोकापर्यंत धावत गेले, आणि माशी केव्हाच उडून गेलेली असूनही तसेच धावत परत आले. टाळ्यांचा कडकडाट झाला. स्पर्धेत त्यांचा नंबर शेवटचा आला.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. बाबा पुढे बसले होते, हात सँडविच गार ठेवायच्या बर्फाच्या पिशवीत. आत्या माझ्या शेजारी. तिने पदर तोंडाला लावला होता आणि ती रडत होती, आवाज न करता. "हातात फुटलं असतं तर," ती म्हणाली. "माझ्या हौसेपायी. नाही येणार रे मी आता. उपयोगाची नाही ते नाही, वरून ताप."

बाबा म्हणाले, "ताई, काही झालं नाही गं." ते कोणाच्या कानावर पडलं नाही. आई गाडी चालवत होती. मोटरवेवर आल्यावर, लेन बदलून झाल्यावर, ती एकदम बोलायला लागली, चिडलेल्या आवाजात, आरशात आत्याकडे बघत.

"साखर पाणी धरते, ताई. मलमात कोणी साखर घालतं का? आणि नुसतं तूपही चुकीचंच होतं. उन्हाळ्यात वितळणार. मी एप्रिलपासून बघतेय ते ताट आणि माझा जीव खालीवर होतोय. मलमाचा बेस असा नसतो. मेण पाहिजे. मधमाशीचं मेण, त्यात तूप घाला हवं तर, पण मेण जास्त."

आत्याने पदर खाली केला. "किती जास्त?"

"ते करून बघावं लागेल. मेण फार झालं तर रवा सुटेल."

"सुटणार नाही. रवा बारीक घेतला तर नाही सुटणार."

"बारीक कशाला? चिकटून बसेल नळीत."

"भाजून, शुभा. भाजल्यावर कसा चिकटेल?"

बेसिंगस्टोकचा फाटा येईपर्यंत त्या भांडत होत्या. बाबांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. त्यांचा हात वांग्याएवढा सुजला होता आणि चेहऱ्यावर परवाना मिळाल्याच्या दिवसासारखा आनंद होता. त्या आठवड्यात आईने कामावरचं मलम घोटायचं जुनं, दगडी भांडं घरी आणलं. आत्या सप्टेंबरात परत गेली तोवर ओट्यावर त्या दोघींचंच राज्य होतं, आणि बाबांना स्वतःच्या छंदाबद्दल मत देताना आधी परवानगी घ्यावी लागे.

पुढच्या वसंतात आत्या यायची होती त्या दिवशी बाबा हीथ्रोला गेले. विमान उतरून बराच वेळ झाला तरी आत्या बाहेर येईना. घरचा फोन वाजला तो मी घेतला. पलीकडे एक अतिशय सभ्य इमिग्रेशन अधिकारी होता. आमच्याकडे एक वयस्कर बाई आहेत, तो म्हणाला, त्यांनी तुमचा नंबर दिलाय. इथे येण्याचा हेतू विचारला तर त्या म्हणतात, बुलेट्स. त्यांच्या बॅगेत एक मोठा पिवळा गोळा आहे आणि त्या म्हणतात की तो रिव्हॉल्व्हरसाठी आहे. यात काही गैरसमज आहे का?

मी फोन हाताने झाकून आईला हाक मारली. आईने हात पुसून माझ्याकडून फोन घेतला. ज्या बाईने पोलिसांपुढे ही सगळी भानगड हाणून पाडायचा बेत केला होता ती. मी शेजारी उभी राहून ऐकत होते.

"गैरसमज आहे," आई स्वच्छ इंग्रजीत म्हणाली. "बुलेट्स त्या करत नाहीत. त्या माझे मिस्टर ओततात, आणि त्यांच्याकडे परवाना आहे, नंबर लिहून घ्या. ताई गोळीच्या खाली जे बसतं ते करतात. आणि तो गोळा मेणाचा आहे. तो तापवू नका, त्यात मी सांगितल्याशिवाय काही मिसळायचं नाही."

पलीकडच्याने बहुतेक विचारलं, या बाई तुमच्या नात्याने कोण? आईने ओट्यावरच्या दगडी भांड्याकडे बघितलं. नणंद म्हणायला तिला इंग्रजी शब्द सापडला नसता असं नाही.

"शी इज ऑन माय टीम," ती म्हणाली, आणि आत्याला फार वेळ उभं करू नका, तिचे गुडघे दुखतात, असं बजावून तिने फोन ठेवला. मग तिला दिसलं की मी बघतेय.

"काय बघतेस? ताईंच्या खोलीतली चादर बदल जा."